नवरदेवाचा मामा कुठाय?

बायनाबाईला फार लवकर राग येतो, असं गावातले लोक म्हणायचे. तो कशाचा येतो, हे मात्र कोणी विचारत नव्हतं.

पिंगळी स्टेशनाच्या पल्याड तिचं गाव. घरची जमीन थोडी. दसरा झाला की आईबाप ऊसतोडीला जायचे. नामांतरावरून मराठवाडा पेटला होता, त्या साली ती वयात आली. तरणी पोर उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत, बिनदाराच्या झोपडीत, कशी ठेवायची, याचा तिच्या बापाला, लिंबाजीला, घोर लागला. तेवढ्यात कमलबाई नावाची लांबच्या नात्यातली बाई स्थळ घेऊन आली. हुंडा नको, खर्च पोराकडचा. पोरगा सोलापूरकडचा, असं तिनं सांगितलं. घर बघायला कोणी गेलं नाही. ऐन चातुर्मासात अक्षता पडल्या आणि बायना पिंगळीहून रेल्वेत बसली.

सोलापूर आलंच नाही. मुलूख बदलला, बोली बदलली. तिथं गेल्यावर कळलं की तिला विकत आणलंय. दिवसा म्हशींचं शेण, रात्री घरातल्या दोघा भावांची बायको. पळाली की मार. एक मूल झालं. अखेर जत्रेच्या गर्दीत ती निसटली, तेव्हा पोरगं सासूच्या कडेवर होतं. ते तिथंच राहिलं.

गावी पोचली तेव्हा लिंबाजी वारला होता. भावानं, आसारामनं, गोठ्यात जागा दिली. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, "नवऱ्यानं टाकलं का गं?"

ती ओरडायची, "टाकलं न्हाई, मला इकलं व्हतं! अन् अक्षता तुमीच टाकल्या व्हत्या!"

बायका घागरी उचलून चालू लागायच्या.

पुढं एका वर्षी दसऱ्याच्या तोंडावर शेजारच्या सटवाजीच्या तानूचं लग्न ठरलं. स्थळ कमलबाईनंच आणलेलं, हाही पोरगा म्हणे सोलापूरकडचा. बायना सांगायला गेली तर सटवाजी म्हणाला, "तुजं नशीब फुटकं, म्हणून समद्यांचंच फुटकं समजायलीस का?"

लग्नादिवशी ती निंदणीतून तशीच निघाली. हातात खुरपं. मारुतीच्या पारासमोर अंतरपाट धरलेला होता.

"थांबा! नवरदेवाचा मामा कुठाय?"

नवरदेवाच्या मागं मामा नव्हताच. त्याच्यासोबतची माणसं एकमेकांकडं बघू लागली.

"चातुर्मासात लगीन कोण लावतंय? ह्याचं गाव कोण बघून आलंय? हात वर करा!"

एकही हात वर झाला नाही. मग तिनं नवरदेवाची बाही धरली. मार खात शिकलेल्या त्या परमुलखाच्या बोलीत तिनं विचारलं, "तुझी आधीची बायको कुठं आहे?"

तो दचकला आणि त्याच बोलीत बोलून गेला, "मेली."

"आइकलं का? ह्यो म्हणं सोलापूरचा!"

तानूच्या आईनं, सरजाबाईनं, पोरीच्या मुंडावळ्या ओढून काढल्या आणि तिला घरात नेलं. सटवाजीनं सगळ्यांदेखत बायनाच्या तोंडात मारली. तरी तिनं नवरदेवाची बाही सोडली नाही. "पोलिसाला बोलवा," ती ओरडत होती. सरपंच माणिकरावांनी तिची बोटं उकलली. "गावाची बेइज्जती कशाला? जाऊ द्या पावण्यांना."

पाहुणे गेले. त्यांच्याबरोबर कमलबाईही गेली.

थोड्याच दिवसांत खबर आली. त्याच माणसानं पूर्णेकडच्या एका गावात लग्न करून पोरगी नेली होती. बायना माणिकरावांच्या दारात उभी राहिली. "तानू वाचली म्हणायलाव ना, सरपंच? वाचलं कोणी न्हाई. नुस्ती पोरगी बदलली!"

माणिकरावांनी दार लावून घेतलं.

ती त्या गावाला गेली. पोरीची आई दगडाबाई ओसरीत बसली होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "तुला ठावं व्हतं, तर तू आधी का न्हाई आलीस?"



तेव्हापासून ऊसतोडीचे कोयतेकरी निघायच्या आधी ती गावोगाव हिंडू लागली. सोबत सरजाबाई, पुढं दगडाबाईसुद्धा. शनिवारी पोखर्णीला नृसिंहाच्या देवळाच्या पायऱ्यांवर त्या बायका गोळा करायच्या.

"हुंडा नको म्हणणाऱ्याचं घर आधी बघा. दोघंजण जा, त्याच्या घरचं पाणी पिऊन या, शेजाऱ्याला इचारा. अन् पोरीला आपला तालुका, जिल्हा पाठ करून द्या. मला नुस्तं पिंगळी ठावं व्हतं. तिकडं पिंगळी कोणाला म्हाईत?"

काही गावांत भाकरी मिळाली, काही गावांत अंगावर कुत्री सोडली. तानूचं लग्न जिंतूरकडं झालं, स्वतः सटवाजी घर बघून आल्यावर. बायनाशी मात्र तो बोलला नाही. दगडाबाईची लेक सापडली नाही.

एका गावच्या बायकांनी कमलबाईला धरून ठाण्यात नेलं. ती लगेच जामिनावर सुटली. ही बातमी बायनाला एस्टी स्टँडवर कळली. तिनं पदर कमरेला खोचला.

"सुटली न्हवं?" ती दगडाबाईला म्हणाली. "मंग ऊठ. ती पुढच्या गावाला जायच्या आधी आपुन तिथं जाऊ."

गाडी लागली होती. दोघी चढल्या.