वळणावर विझणारा दिवा

गोवा घटक राज्य झालं त्याच्या आसपासची गोष्ट. डिचोलीत माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं, आणि माझ्याच मोटरसायकलचा दिवा धड नव्हता. लोक हसायचे. हसा मेल्यांनो!

दर सोमवारी आईला मागं बसवून नार्व्याच्या देवळात न्यायचो. परतताना तिन्हीसांज व्हायची. वाटेत एक वळण होतं. तिथंच माझा थोरला भाऊ खनिजाच्या ट्रकखाली गेला होता. नेमका त्या वळणावर दिवा लालसर व्हायचा आणि विझायचा. वळण संपलं की परत पेटायचा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा आई माझ्या कानाशी म्हणाली, "इलो बघ तो." अंगावर सर्रकन काटा आला.

मग ती सोमवारपर्यंत थांबेनाशी झाली. रोज संध्याकाळी लुगडं बदलून तयार! वळणावर ती दादाशी बोलायची, गावच्या बातम्या सांगायची, आणि मी पुढं बसून ऐकायचो. एकदा तर ती चालत्या गाडीवरून उतरायलाच निघाली. दादा गेला तो गेलाच, आता आईही हातची जाणार, या भीतीनं माझी झोप उडाली. बिघाड शोधायलाच हवा होता.

बॅटरी दुकानात चार्जिंगला लावली, दोन दिवसांनी तेच. कॉईल ठीक होती. रेक्टिफायर नवा घातला. रेस दिली की चार्जिंग दाखवणाऱ्या मीटरचा काटा वर चढायला हवा; तो मेला नुसता थरथरायचा. शेवटी सीट काढून एकेक वायर चाचपत गेलो, तेव्हा चार्जिंगच्या वायरचा जोड हाताला लागला. हिरवा पडलेला, चिकट, वर खाणीची लाल धूळ. दसऱ्याच्या पूजेचं नारळाचं पाणी! लोक चाकावर शिंपडतात. आईनं सीट उचलून थेट बॅटरीवर ओतलं होतं, धाकट्याला तरी काही होऊ नये म्हणून. त्यामुळे बॅटरी भरतच नव्हती; गाडी वेगात असली की त्या जोडातून दिव्यापुरता थोडाफार करंट जायचा, हळू झाली की तोही नाही. आणि त्या वळणावर भीतीनं गाडी हळू करायचो तो मीच.

जोड बदलला. धावत घरी जाऊन आईला सगळं समजावलं. दादा नव्हताच म्हटलं, पाणी होतं.

ती म्हणाली, "दुरुस्त कित्याक केलंस? आता तो खंय येतलो?"

त्या दिवसापासून तिनं अन्न टाकलं. सोमवारी कसंबसं तिला गाडीवर बसवलं. परतताना वळणावर दिवा लख्ख जळत होता. माझ्या खांद्यावरचा तिचा हात सैल पडला, सुटलाच. मला राहवलं नाही. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दिव्याचं बटण दाबलं.

काळोख झाला. हात पुन्हा खांद्यावर आला, घट्ट.

"आज उशीर केलंस रे," ती म्हणाली. माझ्या पाठीमागं, पण माझ्याशी नव्हे.

बिघाड मला ठाऊक होता, जोड मीच बदलला होता. तरी दिवा परत लावायला माझा अंगठा उचलेना.