अब्बांचे न उघडलेले खाते

घरचा संगणक मध्येच बंद पडू लागला, तेव्हा दुरुस्तीवाल्याने फोनवर तीन मार्ग सांगितले. फाइली राखून विंडोज पुन्हा बसवायची. संगणकातूनच सगळे पुसून नव्याने बसवायची. किंवा पेनड्राइव्ह लावून डिस्क पूर्ण कोरी करून बसवायची. "पहिल्यात दुखणं राहून जातं, काका. तिसराच साफ. फाइली तेवढ्या आधी काढून ठेवा."

फाइली थोड्याच होत्या. पण संगणक सुरू होताना पडद्यावर दोन नावे येत: लेकीचे आणि 'अब्बा'. ते खाते तिने शाळेत असताना माझ्यासाठी उघडले होते. मी तेव्हा आखातात नोकरीला होतो. सुट्टीवर येई तेव्हा दिघीच्या लाँचने खाडीपलीकडच्या नातलगांकडे जाण्यातच दिवस संपत. "अब्बा, तुमचं खातं बघा ना," ती म्हणे. मी "उद्या" म्हणत असे.

न पाहताच ते पुसणे मला जमेना. पासवर्ड ठाऊक नव्हता. आता तीच तिकडे आखातात, दोह्याला नोकरी करते. दुपारी तिला फोन केला.

"तुम्ही येणार होतात ती तारीख," ती म्हणाली.

"कोणत्या वर्षीची?"

"माझ्या दहावीच्या. तुम्ही आला नाहीत ती." मग हसली. "विसरलात? म्हणजे पासवर्ड भारीच होता म्हणायचा!"

त्या वर्षी मी रजा न घेता रजेचा पगार घेतला होता, आणि घरी कळवले होते की रजा मिळाली नाही.

"रजा मिळत होती, बेटा. मीच घेतली नाही."

"माहीत आहे, अब्बा. आकडे लिहून घ्या."

तिला ते पाठ होते. मी एकेक आकडा दाबला. पडद्यावर अक्षरे उमटली: 'नमस्कार. तुमच्यासाठी सर्व तयार करत आहोत.' पहिल्यांदाच आत येणाऱ्याला असे दिसते, ती म्हणाली. आत काहीच नव्हते.

मी तिसरा मार्ग पत्करला. नवी विंडोज बसल्यावर माझ्या खात्याशेजारी तिच्या नावाचे एक खाते उघडले आणि पुन्हा फोन लावला.

"पासवर्डाला तुझी येण्याची तारीख हवी."

"रजा मंजूर झाली की सांगते, अब्बा."

पासवर्डाची जागा मी रिकामीच सोडली आहे. रोज संगणक सुरू केला की तिचे नाव दिसते. त्याला मी हात लावत नाही; तो नमस्कार तिने पाहायचा आहे.