एकाखाली एक

चौसाळ्याच्या टायपिंगच्या दुकानात ती बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

त्या दुष्काळी साली पोरं आईबापांबरोबर लवकरच ऊसतोडीला निघणार होती. साखर कारखान्यावर पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बसून सोडवायला म्हणून आमच्या शिक्षकांच्या सहकारी संस्थेनं गणिताची पुस्तिका काढली. ती मी लिहिली होती.

समीकरणाच्या प्रत्येक ओळीत बरोबरच्या चिन्हाआधी ती ओळी जुळवणारी एक खूण टाइप करायची. मग संगणकाच्या पडद्यावर सगळी चिन्हं एकाखाली एक यायची. तरीही ती पट्टी उभी धरून बघायची.

मजकूर सोळा पानांत बसेना. मी म्हणालो, "बाई, पायऱ्या एकापुढं एक घाला."

"सर, तुमी फळ्यावर असं लिवता का?"

"जागाच नाही, काय करू?"

"कोपीवर समजून सांगाया कोण हाय? मी बी तिथंच शिकले. चिन्हाखाली चिन्ह असलं की बोट ठिवून एकट्यानं खाली उतरता येतंय."

मी ऐकलं नाही. तिनं पहिली चार पानं तशीच ठेवली आणि बाकीची मी सांगितली तशी दाटीनं बसवून दिली.

उन्हाळ्यात पोरं परतली. मी पुस्तिका चाळल्या. चौथ्या पानापर्यंत पेन्सिलीनं सोडवलेली गणितं होती. पुढं सगळ्यांचीच पानं कोरी होती.

तिला हे सांगायला गेलो, तर दुकानाला कुलूप. अजूनही एसटी चौसाळ्यात थांबली की मी ते शटर बघतो. पुस्तिका पिशवीतच असते. उरलेली बारा पानं मला तिच्याच हातून पुन्हा करून घ्यायची आहेत.