कोल्ह्याची सावली

तुम्ही शेवटची गोष्ट ऐकलीत तेव्हा मधे काही बोललात, की गप्प बसून होतात?

आमच्या धुळ्याच्या घरात गोष्टींपेक्षा चळवळीची पत्रकं जास्त. वडील मजकूर लिहीत, आत्या चित्रं काढी. मुठी आणि मशाली बघत बघतच मी वाचायला शिकले. आत्याला मात्र जुन्या गोष्टींतली जनावरं काढायची होती. वडील डिवचत, "कोल्ह्यांनी काय बदलणार गं?"

"तुझ्या मुठींनी काय बदललं ते सांग भाऊ, मग कोल्हा सोडते."

पुढे एका प्रकाशकाने तिच्याकडे अहिराणी गोष्टींचं चित्रपुस्तक मागितलं. चित्र काढण्याआधी ती नुसती बघत बसे. पांझरेच्या काठी एका बाभळीची सावली सकाळपासून सरकताना तिने पाहिली, कागदाला हात न लावता. कोल्हा दिसावा म्हणून रावेरकडे केळीच्या बागेत जाऊन राहिली.

शेवटची गोष्ट शिरपूरजवळच्या गावातल्या एका आबांना येत होती. त्यांची बायको नुकतीच वारली होती. आत्याने मलाही सोबत नेलं. ओट्यावर बसून आबांनी सुरुवात केली. तहानलेला कोल्हा तापीवर येतो. डोहातलं कासव म्हणतं, पाणी पी, पण तुझी सावली इथं ठेवून जा. कोल्हा विचारात पडतो.

आबा थांबले. "झोपी ग्यात का?"

"नही आबा, ऐकी राहिनूत," आत्या म्हणाली.

"मंग मुक्या का बठेल शेतस?"

आमच्याकडे ऐकणाऱ्याने वाक्यावाक्याला 'हूं' म्हणायचं असतं, तेव्हाच गोष्ट पुढे जाते. आम्ही पडलो शाळेत शिकलेल्या: हाताची घडी, तोंडावर बोट. त्यात मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू, म्हणून श्वाससुद्धा जपून घेत होतो. मग आम्ही हूं म्हणायला लागलो, पण घाईघाईने, वाक्य संपायच्या आतच.

"हाऊ हूं शे का उचकी?" आबा हसले. मग उपरण्याने डोळे पुसत म्हणाले, "ती व्हती तवय गोट चाले. आते नही."

कापसाची वेचणी आटोपल्यावर पुन्हा या, म्हणाले. वेचणी चालू असतानाच ते गेल्याचा फोन आला.

आम्ही गावात विचारत फिरलो. कोल्हा सगळ्यांना आठवत होता, कासवही. कोल्ह्याने पुढे काय केलं ते कुणालाच सांगता येईना. आबांचा मुलगा म्हणाला, "तिथपर्यंत मला झोप लागून जायची."

प्रकाशक म्हणाले, शेवट तुम्हीच जोडा, मुलांना काय कळतंय! मी फोनवरच भांडले. ज्यांच्या भाषेला शाळेत हसलात, त्यांच्या गोष्टीचा शेवटही आता तुम्हीच ठरवणार? आत्या भांडली नाही. एवढंच म्हणाली, "सावली काढली तर त्याने नकार दिला, नाही काढली तर देऊन टाकली. हे मी कसं ठरवू?"

पुस्तक अडलं. आत्या आता नदीवर जात नाही. टेबलावर ते चित्र तसंच आहे. कोल्हा पुरा झालाय, त्याच्या पायाखालचा कागद कोरा. कधी कधी ती ब्रश ओला करते आणि तसाच धुऊन ठेवते.

शिरपूर, अमळनेर, भुसावळ, तुम्ही कुठलेही असा. घरात, शेजारी कुणी म्हातारं माणूस असेल तर आजच त्यांना विचारा, कासवाने सावली मागितल्यावर कोल्ह्याने काय केलं. आणि जे सांगतील ते, त्यांच्याच शब्दांत, आम्हाला कळवा.