कळंबच्या पंगतीतली वाढपी

अश्लेषा रुपनवर बारामतीत माती तपासणीच्या एका खासगी प्रयोगशाळेत काम करते. वय सव्वीस. भवानीनगरला आणि आसपासच्या गावांत तिला अजून छकुलीच म्हणतात, कारण लोकांच्या डोळ्यांसमोर राहिली आहे ती आठ वर्षांची, टक्कल पडलेली मुलगी. रक्ताचा कर्करोग होता. पुण्यात तीन वर्षं उपचार चालले. रक्त लागलं की गावातली माणसं जीप भरून पुण्याला जायची. ती बरी झाली, पण औषधांनी डाव्या खुब्याचं हाड कायमचं अधू केलं. चालत राहिली तर निभतं. बसली की खुबा धरतो आणि मग पुन्हा पाऊल टाकता येईपर्यंत फार वेळ जातो.

हा आजार होऊन गेलेल्यांचं रक्त घेत नाहीत. अठराव्या वर्षी एका शिबिरातून तिला परत पाठवलं तेव्हा तिला हे कळलं. तेव्हापासून ती लहान मुलांच्या वॉर्डसाठी रक्तदाते जमवते. वरकुट्याच्या तालमीचे वस्ताद विजयसिंहतात्या तिच्या वडिलांचे आतेभाऊ. एका लग्नात त्यांनी तिची फिरकी घेतली. "तू वरकुट्यापत्तुर चालत ये. आख्खी तालीम झोपवतो सुया टोचायला."

"येते," ती म्हणाली.

वाटेवरच्या कळंबकरांना हे कळलं, तेव्हा त्यांनीही शब्द दिला. चालत आलीस तर आमीबी देतो.

जानेवारीत, उसाचं गाळप जोरात असताना, एका रविवारी पहाटे ती भवानीनगरहून निघाली. मागं वडील मानसिंग रिकामा ट्रॅक्टर घेऊन. त्यांना तिनं दोन अटी घातल्या होत्या, 'बस' म्हणायचं नाही आणि खुब्याचं कुणाला सांगायचं नाही. रक्तपेढीची गाडी घेऊन डॉ. केयूर पुढं कळंबला गेले होते. तिथलं उरकून गाडी वरकुट्याला जाणार होती आणि दिवस मावळला की तिथून पुण्याला. छकुलीला त्याआधी वरकुट्यात पोचायचं होतं.

ती कळंबच्या शाळेपाशी आली तेव्हा पटांगण भरलेलं होतं. अंघोळी करून, कपाळाला गंध लावून माणसं रांगेत उभी होती. पण गाडीचं दार बंद होतं आणि डॉक्टर बाहेर उभे होते.

"सकाळपासून कुणीच काही खाल्लेलं नाही," त्यांनी तिला सांगितलं.

"दान द्यायचं म्हंजी उपाशीच," गावातले थोरले नारायणआबा म्हणाले. "पाणीसुदिक घेतलं न्हाय कुणी."

"उपाशी माणसाचं रक्त घेत नाहीत, आबा. चक्कर येते."

"आन् तपासायला बोलावता तवा उपाशी या म्हणता, ते रगत येगळं आसतं व्हय?"

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. मानसिंग ट्रॅक्टरवरूनच म्हणाले, "छकुले, तू हो पुढं. ही लोकं जेवून देतील."

सारजाबाई शाळेत खिचडी शिजवतात. त्या पदर खोचत म्हणाल्या, "ही गेली की बाप्ये फडात पांगले म्हणून समजा. तोडणीचं दीस हायेत."

छकुली थांबली. शाळेमागं चुली पेटल्या, शेजारच्या घरांतून परातीच्या पराती भाकरी आल्या. पिठलं रटरटलं. पटांगणात पंगत बसली आणि ताटं भरली, पण हात कुणी लावेना.

"पाहुणी उभी आन् आमी खायचं?" आबा म्हणाले. "बस, पोरी. तुझ्या मानाचं पान मांडलंय."

बसली असती तर चालणं तिथंच संपलं असतं. हे मानसिंगना ठाऊक होतं, पण खुब्याचं बोलायची त्यांना बंदी होती. ते स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले.

छकुलीनं सारजाबाईंच्या हातातली भाकरीची पाटी घेतली आणि उजव्या कमरेवर टेकवली. "मी पाहुणी न्हाय, आबा. मी वाढपी. वाढपी मागनं जेवतात."

तिनं पहिली भाकरी आबांच्या ताटात टाकली. आबांनी घास घेतला आणि पंगत सुरू झाली.

ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायची, वळायची, परत यायची. प्रत्येक पावलाला डावा खांदा खाली जायचा. पाटी संपली की पिठलं, मग पाणी, मग पुन्हा भाकरी. सुरुवातीला माणसं भराभर जेवत होती, तिला उशीर नको म्हणून. मग ती बसत का नाही ते सारजाबाईंनी तिच्या चालीवरून ओळखलं, खुब्याचं आबांच्या कानावर घातलं आणि बोलणं ताटामागून ताट पुढं सरकत गेलं. त्यानंतर कुणी अख्खी भाकरी घेईना. 'चतकोरच टाक', 'मिरची आण', 'पाणी दे' असं एकेकाचं सुरू झालं. कुणी नको म्हणत नव्हतं. तिच्या हातातलं काम संपू द्यायचं नाही, म्हणजे तिला बसावं लागणार नाही, एवढं सगळ्यांना समजलं होतं. इतकं सावकाश जेवण कळंबात कुणी पाहिलं नव्हतं.

रक्त देणं चाललं तेव्हाही ती कुंपणाच्या कडेनं फिरत होती. शेवटचा माणूस आडवा झाल्यावर, उभ्यानंच चतकोर भाकरी खाऊन, ती रस्त्याला लागली.

पुढचा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा. बातमी तिच्या पुढं धावत असावी, कारण समोरून येणारे गाणी बंद करून, वेग कमी करून बाजूनं जात होते. रक्तपेढीची गाडी तिला मागं टाकून गेली. डॉक्टरांनी काच खाली केली, तिच्याकडं पाहिलं आणि काच पुन्हा वर केली. चढावर ती थांबेल असं मानसिंगना दोनदा वाटलं. ती थांबली नाही, पावलं लहान करत गेली.

वरकुट्याच्या वेशीत ती आली तेव्हा सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला होता. तात्या तालमीतल्या पोरांना घेऊन उभे होते. लग्नातलं हसू त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"आलीस," ते म्हणाले.

"तुमी जेवलाय का?"

"दोनदा. कळंबातनं फोन आला हुता."

तात्या स्वतः आधी आडवे झाले. त्यांच्या हातात सुई गेल्यावर छकुली तालमीच्या पायरीवर बसली. पहाटेपासून पहिल्यांदा.

आख्खी तालीम रक्त देऊन उठल्यावर, अंधारातच गाडी पुण्याकडं गेली. तिला उठता येत नव्हतं. मानसिंगनी तिला उचलून ट्रॅक्टरवर ठेवलं, आणि तिनं हरकत घेतली नाही.