शकूताईंचं रविवारचं स्पॅनिश

"काकी, आई नहीं रही," शकूताईंच्या धाकट्या मुलानं, प्रमोदनं, फोनवर एवढंच सांगितलं. मी रायपूरच्या तात्यापाऱ्यात त्यांच्या घरी पोचले तेव्हा बायका जमल्याच होत्या. एक म्हणाली, "बेचारी, स्पॅनिश-विस्पॅनिश करके टाइम काटती थी." मी तिथंच बोलले, शकूताईंनी टाइम काटला नाही. आज महिना उलटला, तरी मी तेच म्हणते.

त्यांचा थोरला मुलगा स्पेनमध्ये, सून तिथलीच, अन् नात लुसिया फक्त तिथलीच भाषा बोलणारी. रायपूर राजधानी झालं तसे गल्लोगल्ली इंग्लिशचे क्लास निघाले, पण स्पॅनिशचं नाव नाही. मग मोबाईलवर धडे लावून आम्ही दोघी म्हाताऱ्या दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात शिकायला बसलो, भाजी निवडता निवडता. प्रमोद म्हणायचा, "पोती को हिंदी सिखाओ ना." त्यावर शकूताई म्हणायच्या, "तुले आईला मराठीत उत्तर देता येत नाही, अन् त्या पोट्टीनं हिंदी काहून शिकावी?"

'खेंते' म्हणजे लोक, पण क्रियापद एकवचनी. मी तिथं अडले. एवढी माणसं अन् क्रियापद एकट्याचं? मेथीची जुडी सोडत शकूताई म्हणाल्या, "वऱ्हाडी कितीही असोत, वरात 'आली'च म्हणतो ना आपण? तसंच." दोन-दोन भूतकाळ मात्र जड गेले. त्यांच्यात एक झालं-संपलं त्याचा, अन् दुसरा नेहमी होत राहायचं त्याचा. एकदा रविवारच्या फोनवर यजमान वारल्याचं त्यांनी लुसियाला सांगितलं, आपल्या रीतीनं, मान ठेवून, म्हणजे अनेकवचनात. पोरीनं विचारलं, आजी, तुला नवरे होते तरी किती? मी पदर तोंडाला लावला. चूक शकूताईंना कळली, पण सुधारली नाही. "एकच होते. म्हणून मेल्यावर त्यांना एकेरीवर आणू काय?" शेवटपर्यंत तसंच बोलत राहिल्या...

तेरवीनंतर प्रमोद म्हणाला, "काकी, अब संडे का कॉल रहने दो. बच्ची बड़ी होकर इंग्लिश सीख लेगी, तब बात कर लेंगे." म्हणजे तोवर त्या लेकरासाठी आजीचं घर मुकं. मले ते मान्य नव्हतं. रविवारी मी शकूताईंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले अन् त्यांच्याच फोनवरून लुसियाला कॉल लावला. ती हळूच म्हणाली, आजी दुपारी काय करायची? मी त्या दुसऱ्या भूतकाळात शिरले, चुकतमाकत... भांडी घासता घासता क्रियापदं घोकायची, माझी चूक निघाली की खूश व्हायची, तू फोन ठेवलास की मलाच पुन्हा सगळं सांगायची. लुसिया मधूनमधून माझी क्रियापदं दुरुस्त करू लागली, अन् तिचा आवाज मोकळा होत गेला.

दारातून प्रमोदनं विचारलं, "काकी, हो गया?"

"नाही झालं. स्टूल ओढ अन् बस. पुतणी तुझी आहे."

तो बसला. लुसियानं त्याला काहीतरी विचारलं. मी अर्थ सांगेन म्हणून तो माझ्याकडे पाहू लागला.

मी सांगितला नाही. म्हटलं, "पुन्हा विचारायला लाव तिला. नीट ऐक."