आक्कांच्या साड्यांचे दोन ढीग

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, म्हणजे आक्कांनी, कपाट उघडलं की माझ्या काळजाचा ठोका चुकतो. इतकी वर्षं झाली तरी सवय झालेली नाही. पाथरीच्या त्यांच्या घरातलं ते लोखंडी कपाट आहेराच्या साड्यांनी इतकं ठासलेलं, की दार उघडण्याआधी आक्का पोरांना बाजूला करतात. मी चिठ्ठ्या लावणारी बाई. माझ्या घरी डाळींच्या डब्यांवरही नावं आहेत. आक्कांकडे कागदाचा कपटा नाही. नेसायची कुठली, द्यायची कुठली, आणि मुख्य म्हणजे जिची तिलाच परत जाऊ नये, हा सगळा निवाडा डोक्यात.

सुरुवातीला कायदा सोपा होता. काठ रुंद ती नेसायची, बारीक ती द्यायची. एका बारशात, भर बायकांत तो कोसळला. चुडाव्याच्या चुलत सासूबाईंनी आहेराची साडी उलगडली आणि पदरावर बोट ठेवलं. "का गं, माझीच मला नेसवायलीस व्हय? ह्यो हळदीचा डाग माझ्याच हातचा हाय!" मी हातातल्या ताटासकट थिजले. आक्का शांतपणे म्हणाल्या, "मग बघा, किती जपून ठिवली होती."

त्या दिवशी काठ बाद झाला. आता प्रत्येक साडीला माणूस चिकटला, तोही त्याच्या खोडीसकट. "ही पंगतीत रुसली तिची. ही जीपमधी वकली तिची." जीपवाली शेजारीच बसलेली असायची आणि मला कुठे तोंड लपवावं कळायचं नाही. मी दिलेली जांभळी होती "आमच्या चिठ्ठीवालीची". साड्यांनाही चिठ्ठ्या लावूया, असं सुचवलं तर म्हणाल्या, "चिठ्ठ्या औषधाच्या बाटलीला लावतेत, बाई."

यंदा त्यांच्या लेकीचा साखरपुडा ठरला. बोरीच्या विहीणबाईंनी सुपारीच्या दिवशी दिलेली पिवळी साडीही त्याच कपाटात गेली होती. तीच त्यांना परत गेली असती, तर सोयरिकीला पहिल्याच घासाला खडा. आम्ही साड्या काढून बसलो. आक्कांनी नेमकी पिवळी उचलली आणि विचारलं, "ही कोणाची गं?"

मी हादरले. आक्का, आणि विचारतात? सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"सांगू नको. आज तू हायस, उद्या कोण सांगंल?"

त्यांनी पिवळीचा पदर मांडीवर उलगडून पाहिला. मग नवा कायदा निघाला. "जिचं तोंड आठवंल, ती द्यायची. आठवना, ती घरातच ऱ्हाऊ द्यायची. मग चुकायचं भ्याच न्हाई."

खरंच चुकायला जागा नव्हती. पिवळी घरच्या ढिगात गेली आणि माझा जीव भांड्यात पडला. विहीणबाईंसाठी आक्कांच्या भावानं दिलेली हिरवी निघाली. ते तोंड लख्ख आठवत होतं. पण देण्याचा ढीग तिथंच थांबला. घरचा वाढत गेला, वाढत गेला.

शेवटी जांभळी हातात आली. आक्कांनी तिच्यावरून हात फिरवला, खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"न्हाई आठवना," त्या म्हणाल्या. "आसंल कुणीतरी आपलंच."

आणि घरच्या ढिगावर ठेवली. मला सांगायचं नव्हतं. मी तिची विस्कटलेली घडी तेवढी नीट केली.